चवथीची फुगडी आणि माझ्या मांड्या

चवथीची सुट्टी संपवून ऑफिसला गेले त्या दिवशीची गोष्ट. फोंडा-पणजी बस, चढताना पाय जरा जड वाटले पण चढले, खिडकीजवळ जागा पण मिळाली, सगळं छान. पणजीला स्टँडवर उतरायची वेळ आली आणि पहिल्याच पायरीवर गुडघा वाकवला तर मांडीत अशी कळ गेली की तोंडातून "आई गं" निघालं. शेवटी दांडा दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखी आडवी आडवी उतरले. मागून कंडक्टर, "बाय, बेगीन देंव," म्हणजे लवकर उतर. त्याला काय सांगू, अरे बाबा देंवायचाच तर प्रश्न आहे.

कारण एकच. फुगडी.

आमचं मूळ घर फोंडा तालुक्यात, चवथीला सगळे तिथे जमतो. पहिल्या रात्री आरत्या झाल्या, माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बायका उभ्या राहिल्या, फुगड्या सुरू झाल्या. आई यंदा खुर्चीत. जुलैमध्ये अंगणात शेवाळावर घसरून तिचा घोटा मोडला होता, सहा आठवडे प्लास्टर, ते काढून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले. स्वतःला घालता येत नाही म्हणून ती खुर्चीतून ऑर्डरी सोडत होती, "बसफुगडी घाला गो, उभ्यानं काय कोणीही घालतं." मग मी आणि वहिनी बसलो. वहिनी म्हणजे थोरल्या चुलतभावाची बायको, वय ५८. मी ४६. उकिडवं बसून, हात धरून, एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या, दहा मिनिटं तरी झाली असतील, सगळे टाळ्या वाजवतायत, मला वाटलं वा, अजून जमतंय की.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही, म्हणजे जरा आखडल्यासारखं. नेवऱ्या खाल्ल्या, झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसता येईना. बसायचं म्हणजे शेवटचा वीतभर पडायचं, आणि उठताना भिंतीला धरायचं. आणि वहिनी? तिला फोन केला तर ती मळ्यात मिरचीतलं तण काढत होती. उकिडवं बसून! "मला काय नाही गो," म्हणते.

म्हणजे बघा, एकच फुगडी, एकाच वेळी, बारा वर्षांनी मोठी बाई मळ्यात आणि मी बसच्या पायरीवर लटकलेली. हे मला इतकं लागलं की मी आठवडाभर हाच विषय वाचत बसले. बीएस्सीला झूलॉजी होतं, त्यानंतर पंचवीस वर्षं फायली, पण बेडकाचे पाय अजून आठवतात.

ऑफिसात सगळ्यांचं निदान तयारच होतं, "लॅक्टिक ॲसिड साठलं." हे आपल्याकडे पक्कं बसलंय, शाळेतले पीटीचे सर पण हेच सांगायचे. पण हे ॲसिड, म्हणजे लॅक्टेट, रक्तातून तासाभरात जवळजवळ निघून जातं, मग दोन दिवसांनी दुखवायला ते येणार कुठून? १९८३ मध्ये याची सरळ परीक्षाच घेतली गेली, काही जणांना ट्रेडमिलवर सपाट पळवलं आणि काहींना उतारावर. सपाट पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं पण पाय दुखले नाहीत. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं नाही आणि नंतर पाय मात्र जाम दुखले. विषय संपला खरं तर, पण समजूत काही मरत नाही. गंमत म्हणजे थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन माणसाने १९०२ मध्येच, बोटांना स्प्रिंग ओढायला लावून, लिहून ठेवलं होतं की हे उशिराचं दुखणं थकव्याचं नाही, आत काहीतरी फाटल्याचं आहे.

आणि ते फाटतं उतरताना, चढताना नाही. हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि मला तो ४६व्या वर्षी कळला.

आमच्याकडे नारळ काढायला जो पाडेली येतो तो हे केव्हापासून सांगतोय. पावसात झाडं निसरडी, महिनोन्महिने त्याचं चढणं फार कमी, मग पाऊस सरल्यावर पुन्हा सुरू झालं की पहिले काही दिवस त्याचे पाय भरून येतात. "चडपाक कांय ना बाय, देंवपाक त्रास." मला वाटायचं भीतीबद्दल बोलतोय.

बरं, का? इथे जरा आत शिरावं लागेल. बाणावली-कोलव्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना बघितलीये का कधी? वाळूवर माणसांची रांग, दोर धरलेला, एकाने हात सोडून पुढे नेला तोवर बाकीच्यांनी धरलेलंच असतं, असं करत करत जाळं किनाऱ्याकडे सरकतं. स्नायूच्या आत हुबेहूब हेच चालतं. केसाच्या जाडीचा एक तंतू, त्याच्या आत शेकडो बारीक दोऱ्या, आणि प्रत्येक दोरीत सार्कोमिअर नावाचे टीचभर कप्पे ओळीने जोडलेले, टीचभर म्हणजे काय तर साधारण अडीच मायक्रॉनचे, एका मिलिमीटरात ४०० बसतील. कप्प्यात ॲक्टिन नावाचं प्रथिन हा दोर आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाची डोकी हे रापणकारांचे हात. दोर आखडत नाही, हात आखडत नाहीत, नुसतं एकावरून दुसरं सरकतं. १९५४ मध्ये ही कल्पना 'नेचर'च्या एकाच अंकात दोन वेगळ्या जोड्यांनी मांडली आणि दोन्हीकडे एकेक हक्सली, अँड्र्यू आणि ह्यू, आणि दोघे एकमेकांचे कोणीही लागत नव्हते! आपल्याकडे असतं तर म्हणाले असते वशिला.

तर चढताना, उठताना, मांडीचा स्नायू आखडतो, रापण किनाऱ्याकडे येते. पण उतरताना, खाली बसताना, तोच स्नायू जोर लावत असतानाच लांब होत असतो. म्हणजे हातांनी दोर घट्ट धरलाय आणि लाट उलटी ओढतेय. हात जबरदस्तीने सुटतात, परत धरतात, तळहात सोलवटतात. आणि सगळे कप्पे सारखे मजबूत नसतात, जो कमजोर तो आधी ताणला जातो, ताणला गेला की अजून कमजोर होतो, मग एकदम उसवतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर दोन कप्प्यांमधली भिंत, जी सरळ रेष असायला हवी, ती विस्कटलेली दिसते, धुतलेल्या साडीची काठाची ओळ वेडीवाकडी व्हावी तशी.

याच्यात एक फसवणूक आहे. उतरायला दम लागत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं काम कमी झालं. लांब होताना स्नायू जास्त जोर पेलतो, मग तेवढ्याच वजनाला कमी तंतू पुरतात, ऑक्सिजन कमी लागतो, पण जे थोडे तंतू कामाला लागलेत त्यांच्या प्रत्येकाच्या डोक्यावर बोजा जास्त. १९५२ चा एक प्रयोग मला फार आवडला, दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच चेनने जोडल्या, एकाने पेडल पुढे मारायचं आणि दुसऱ्याने त्याला नुसतं अडवायचं. लंडनला रॉयल सोसायटीत हे करून दाखवताना पेडल मारायला धिप्पाड पुरुष होता आणि अडवायला ब्रेंडा बिगलँड, चणीने लहान, आणि तिने त्याला आरामात दमवलं. हा किस्सा मी ऑफिसात तीन वेळा सांगितलाय.

आता आत उसवलंय, पुढे काय? मला सगळ्यात जास्त मजा इथे वाटली. तंतूच्या आवरणाला चिरा गेल्या की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि आतले प्रथिनं कापणारे एन्झाइम जागे होतात, आणि मोडकं असेल ते कापायला लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी नुकसान पहिल्या दिवसापेक्षा जास्त दिसू शकतं. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी पोचतात, आधी न्यूट्रोफिल, मग एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज. मॅक्रोफेज आधी कचरा खातात आणि मग स्वभाव बदलतात, तोडणारे होते ते बांधणाऱ्यांना मदत करायला लागतात. घर दुरुस्तीला काढलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, पहिले दोन दिवस वाटतं अरे हे तर अजून पाडतायत. या सगळ्या गडबडीत जी रसायनं सुटतात त्यांनी आसपासच्या नसा हळव्या होतात, एरवी ज्या दाबाला त्या दाद देत नाहीत त्यालाही बोंब मारतात. म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला, ताकद मात्र त्या रात्रीच कमी झालेली असते, फक्त आपल्याला पत्ता नसतो. आणि दुखणं थांबलं म्हणजे काम संपलं असंही नाही, ताकद पूर्ण यायला कधीकधी आठवडा, दहा दिवस जातात. कमी दुखलं म्हणजे कमी फाटलं हाही हिशोब बरोबर नाही. एकूण दुखणं हा फार कच्चा साक्षीदार आहे.

आणि बांधणारे कोण? स्नायूचा तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, तिच्यात शेकडो केंद्रकं, पण ती स्वतः विभागून दुसरी होऊ शकत नाही. मग नवीन माणसं आणायची कुठून? हे १९६१ मध्ये न्यूयॉर्कला अलेक्झांडर मॉरोला दिसलं, आणि कशात दिसलं तर बेडकाच्या पायात (झूलॉजीवाल्यांचा विजय). इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याला तंतू आणि त्याच्या बाहेरचं पातळ अस्तर यांच्या फटीत एकेक लहानशी पेशी चिकटून बसलेली दिसली. त्याने त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं. एरवी या झोपलेल्या असतात. तंतू फाटला की उठतात, वाढतात, काही जाऊन फाटलेल्या तंतूत विरघळतात, आपलं केंद्रक त्याला देऊन टाकतात, आणि काही परत जाऊन त्याच फटीत झोपतात, पुढच्या वेळेसाठी. २०११ मध्ये उंदरांमधून या पेशी काढून टाकून बघितलं, तर जखमी स्नायू पुन्हा भरलाच नाही.

आता वहिनी. ती वर्षभर उकिडवं बसते, उठते, बसते. तिच्या मांडीला ती फुगडी ही बातमीच नव्हती. आणि चांगली गोष्ट अशी की त्यासाठी वर्षभर शेती करावी लागत नाही, एकदा असं झालं की पुढचे काही आठवडे, कधीकधी काही महिने, तेच काम पुन्हा केलं तर दुखणं नि नुकसान दोन्ही खूप कमी होतं. एकदाच! आणि ते पहिल्यांदाचं इतकं जोरात पण नको, न दुखेल असं थोडंसं केलं तरी थोडं संरक्षण मिळतंच. म्हणजे मी चवथीच्या दोन आठवडे आधी रोज पाच-सात वेळा नुसतं बसले-उठले असते ना तर कंडक्टरचं ऐकून घ्यायची वेळ आली नसती.

इथे मला माझ्या भाच्याबद्दल लिहायलाच हवं, त्याला विचारून लिहितेय. २१ वर्षांचा, गेल्या वर्षी परीक्षेमुळे चार महिने जिम बंद, परत गेला त्या पहिल्याच दिवशी तिथल्या ट्रेनरने त्याच्याकडून नुसते पायांचे व्यायाम करून घेतले, दीड-दोन तास, "दुखलं तरच वाढतं" म्हणत. तिसऱ्या दिवशी त्याला मांड्या हलवता येईनात आणि लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. त्यात आणि त्याने पेनकिलर खाऊन ठेवलेली, रिकाम्या पोटी. बहिणीने बाटलीत घेऊन डॉक्टरला दाखवली म्हणून बरं. सीपीके, म्हणजे स्नायू फुटला की रक्तात वाढणारं एन्झाइम, जे एरवी २००च्या आत असतं, ते ४० हजारांवर. स्नायू इतका फुटला की त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात आलं आणि किडनीवर जाऊन आदळलं, पेनकिलरने किडनीला अजूनच त्रास. चार दिवस सलाइन चढवून धुतलं सगळं, वाचला, किडनी ठीक आहे. याच आजाराचं वर्णन १९४१ मध्ये लंडनमध्ये केलं गेलं, बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखाली तासन्तास पाय चेंगरलेली माणसं बाहेर काढल्यावर बरी दिसायची आणि मग काही दिवसांनी किडनी बंद पडून जायची. ढिगाऱ्याखाली जे होतं ते आपण फी भरून करून घ्यायचं म्हणजे कमाल आहे. रंग असा दिसला तर तासभरही घरी बसू नका, एवढंच.

आणि ट्रेनरचं ते "दुखलं तरच वाढतं" हे वाक्यच मुळात खोटं आहे. स्नायू वाढायला तो फाटावाच लागतो असं नाही, त्याला ओढ लागली की पुरे, ओढ लागली की पेशी प्रथिनं बनवायचा वेग वाढवते. जे रोज करतात त्यांना दुखत नाही तरी त्यांचे स्नायू वाढतातच की, नाहीतर त्या पाडेलीच्या पोटऱ्या तशा कुठून आल्या असत्या.

आता आईचं. प्लास्टर कापलं त्या दिवशी मी होते तिथे. आत कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि पोटरी... दोन पाय एका माणसाचे वाटेनात. घरी येऊन शिवणाची टेप लावली, ३ सेंटिमीटरचा फरक. सहा आठवड्यांत! तिला बिचारीला वाटलं डॉक्टरने काहीतरी चुकवलं. चुकलं काही नव्हतं. आपल्या शरीराचा साधारण ४० टक्के भाग स्नायू आहे आणि तो पोसायला महाग, त्यामुळे वापर थांबला की शरीर पहिल्या काही दिवसांतच तिथला खर्च कमी करायला लागतं, नवीन प्रथिनं बनवणं मंदावतं, जुनी मोडणं चालूच राहतं. तंतू मरत नाहीत फारसे, बारीक होतात. म्हातारपणी हे जास्त वेगाने होतं आणि परत यायला जास्त वेळ घेतं, या वयातल्या स्नायूंच्या झडण्याला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्गने सार्कोपेनिया असं ग्रीक नाव दिलं, अर्थ काय तर मांसाचं दारिद्र्य.

फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येते, विशीतली, आईला "आजी" म्हणते आणि आईला ते आवडत नाही. तिने सांगितलं, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि, हे महत्त्वाचं, हळूहळू बसायचं. धप्पकन नाही. मी लगेच म्हटलं, म्हणजे उतरतानाचं काम! ती म्हणाली हो काकी, तुम्हाला कसं माहीत. (बस, पायरी, कंडक्टर, अशी माहीत.) आई म्हणाली माझं वय ७८, आता कसले स्नायू येणार. तेव्हा मी तिला बोस्टनच्या त्या म्हाताऱ्यांबद्दल सांगितलं, १९९० चा अभ्यास, वृद्धाश्रमातली ८६ ते ९६ वर्षांची दहा माणसं, आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, चांगलं जड वजन, आणि पायाची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. मांडीचा स्नायू वाढला मात्र ९ टक्क्यांच्या आसपासच. मग बाकीची ताकद आली कुठून? डोक्यातून आणि नसांमधून. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसा वाढत नाही, पण मेंदू जास्त तंतूंना एकदम हाक मारायला शिकतो. रापणीची माणसं तेवढीच, पण आता सगळे एका सुरात ओढतात. आईला तो वाढीचा आकडा पटला नाही पण ९६ वर्षं पटली, "एवढ्या वयात करतात?" दोनदा विचारलं.

मला स्वतःला काय काय उपाय सुचवले गेले ते लिहिलं तर वेगळी पोस्ट होईल. खोबरेल तेलात कापूर, गरम मिठाची पोटली, बर्फ, फेणी (बाहेरून, असं सांगणाऱ्याने आवर्जून सांगितलं). तेल चोळून बरं वाटतं, वाटू दे, पण आतलं काम त्याने विशेष लवकर होत नाही. स्ट्रेचिंगने पण फार फरक पडत नाही असंच निघालंय. मला सगळ्यात बरं वाटलं ते चालल्यावर, घरापासून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, दुकानापर्यंत, सपाट रस्त्याने. आणि उकडे तांदळाच्या पेजेबरोबर दोन अंडी, कारण भिंत बांधायची तर चिरे लागणारच.

पाचव्या दिवशी मी बसमधून नीट, सरळ, पुढे तोंड करून उतरले. तोच कंडक्टर होता, त्याने ओळखलं नाही.

आता घरी रोज संध्याकाळी सिरीयल लागली की दोन खुर्च्या टीव्हीसमोर. जाहिराती आल्या की उठायचं आणि हळू बसायचं, सिरीयल परत सुरू झाली की बंद, कारण आईला डायलॉग चुकवायचे नसतात. परवा टेप लावली, फरक २ सेंटिमीटरवर आलाय, टेप मीच धरली होती त्यामुळे थोडं इकडे तिकडे धरा. काल ती बारावर पोचली आणि खाली बसता बसता, टीव्हीवरची नजर न हलवता मला विचारते, "तुझे किती झाले गो?"

आठ.